पळसाचा रंग, मोहाची गोडी



होळीच्या आसपास बालाघाट जिल्ह्यात कुठल्याही रस्त्याला लागा, कटंगीच्या, लांजीच्या किंवा बैहरच्या घाटाच्या, दोन्ही बाजूंना पळस फुललेला दिसतो. अंगावर पान नाही, नुसती केशरी फुलं. थोडी फुलं होळीच्या रंगासाठी घरी येतात, बाकीची झाडाखालीच सुकून जातात. त्यांचं सरबत कसं करायचं ते आज सांगते. आणि सोबत मोहाचंही सांगते, कारण माझ्या मते ही दोन फुलं एकत्रच वापरायला हवीत. पळसाकडे रंग आहे, गोडी नाही. मोहाकडे गोडी इतकी, की साखरेचं नाव काढायला नको.

आधी पळस. ऊन चढायच्या आत झाडाखाली ताजी पडलेली फुलं वेचायची. फांद्या मोडू नका. मैना, कोतवाल, शिंजीर दिवसभर त्या फुलांतल्या मधावर असतात, शिवाय फांदीवरच्या फुलाची पुढे शेंग व्हायची असते. एक फूल हातात घेऊन नीट पाहा. देठाशी काळपट, मखमली टोपी असते, तिच्यातून पाकळ्या बाहेर आलेल्या आणि त्यांतल्या आतल्या पाकळ्यांची वाकडी चोच. ती टोपी आणि देठ काढून टाका, नुसत्या पाकळ्या घ्या. झटकून मुंग्या घालवा, दोन पाण्यांतून धुवा.

स्टीलच्या गंजात पाकळ्या घालून त्या बुडतील एवढं उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पाणी छान केशरी झालेलं असतं. स्वच्छ फडक्यातून गाळा. आता त्यात लिंबू पिळलं की रंग पिवळा होतो. घाबरू नका, बिघडलेलं काही नाही. पळसाचा रंग आंबटात पिवळा पडतो आणि चुन्यात लालसर गडद होतो. होळीचा रंग करताना त्यात चुना टाकतात तो याच कारणाने. सरबतात मात्र चुना नको आणि खायचा सोडाही नको.

बाटलीत भरून उन्हाळाभर ठेवायचं असेल, तर साखरेचा हात आखडू नका. एक लिटर पाण्याला एक किलो साखर घातली, तर पाक थोड्याच दिवसांत फसफसतो. लिटरला दोन किलो घाला. म्हणजे वजनाने ६५ टक्क्यांच्या वर साखर होते आणि एवढ्या दाट पाकात बुरशीला आणि खमिराला वाढायला पाणीच उरत नाही. साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, खळखळ उकळत बसायचं नाही. इंग्लंडात एल्डर नावाच्या झाडाच्या पांढऱ्या फुलांचं सरबत घरोघरी करतात, तेही असंच: फुलं, पाणी, लिंबू आणि भरपूर साखर. त्यांच्या फुलाला सुगंध आहे, आपल्या पळसाला तो जवळजवळ नाही, पण असा रंग त्यांच्याकडे नाही.

एवढी साखर नको असेल त्यांच्यासाठी मोह. पळसाची शेवटची फुलं आणि मोहाची पहिली फुलं साधारण एकाच सुमाराला मिळतात. मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते, याचं मला फार वाईट वाटतं. गोंड आणि बैगा घरांत हे फूल आधी अन्न आहे. ते वाळवून साठवतात, भाजतात, तिळाबरोबर कुटून खातात.

मोहाचं फूल रात्री गळायला लागतं आणि सकाळपर्यंत खाली सडा पडतो. गळतो तो फक्त गरदार, रसाळ पाकळ्यांचा भाग. फळ ज्यातून धरतं तो भाग फांदीवरच राहतो, म्हणून ही फुलं वेचल्याने झाडाचं काहीही कमी होत नाही. फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला जाळतात, तेवढं मात्र करू नका. त्याच आगीने पुढे रान जळतं. त्यापेक्षा जुनं लुगडं किंवा जाळी अंथरा. रानात जायचं तर उजाडल्यावर, चारचौघींनी मिळून, बोलत जा. मोह अस्वलालाही फार आवडतो.

ही फुलं घरी आणून संध्याकाळपर्यंत ठेवू नका, उन्हाळ्यात ती लगेच आंबतात. आतले केसर काढा, फुलं धुवा, बुडतील एवढ्या पाण्यात अर्धा तास शिजवा, गाळून घट्ट पिळा आणि तो रस मंद आचेवर मधाइतका दाट होईपर्यंत आटवा. शिजताना उग्र वास बराच कमी होतो आणि तपकिरी, गोड पाक तयार होतो. पळसाचं बिनसाखरेचं पाणी पेल्यात घ्या, दोन चमचे मोहाचा पाक, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ. हे सरबत त्याच दिवशी संपवायचं.

गरोदर बायांनी पळसाचं सरबत घेऊ नये. मधुमेह असणाऱ्यांनी मोहाचा पाकही साखरेसारखाच जपून घ्यावा. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरड्या झाल्यावरच भरा, आणि फुलं घ्याल ती फवारणी झालेल्या शेतापासून दूरच्या झाडांची.