एका मळ्याची वाइन

दादरच्या किंवा गिरगावच्या बाजारात माघ-फाल्गुनात जे द्राक्षांचे ढीग दिसतात, ते खाण्याच्या द्राक्षांचे. वाइनच्या द्राक्षांचे मणी लहान व बियाळ. ते मळ्यातून थेट कारखान्यात जातात, मुंबईकराच्या दृष्टीस पडत नाहीत. पिनो न्वार ही त्यांपैकी एक अत्यंत नाजूक जात होय.

तिचे मूळ घर फ्रान्समधील बर्गंडी प्रांत. घड आखूड आणि पाइनच्या फळासारखा गच्च. नावही त्यावरूनच पडले, असे मानतात. साल पातळ असल्यामुळे ओल राहिली की घड आतून कुजतो आणि उष्मा वाढला की आम्लता व सुवास दोन्ही ओसरतात. बर्गंडीत एकेका मळ्याची वाइन निराळी ठेवून बाटलीवर मळ्याचे नाव घालतात. रोमाने-काँती हा जगद्विख्यात मळा अवघा 1.8 हेक्टरांचा, म्हणजे सुमारे साडेचार एकरांचा आहे. एवढी जमीन दिंडोरी तालुक्यातील कित्येक शेतकऱ्यांजवळ असेल!

द्राक्ष काळे असले तरी रस जवळजवळ रंगहीन असतो, रंग सालीत. म्हणून लाल वाइनसाठी मणी सालीसकट आंबवतात, वर तरंगणारा सालींचा थर वारंवार रसात दाबतात आणि पिळलेला रस ओकच्या पिंपांत मुरवतात. आंबण्याची ही क्रिया सूक्ष्म जीव घडवतात, हे लुई पाश्चर यांनी सिद्ध केले. परळच्या संस्थेस ज्यांचे नाव दिले आहे, ते हाफकिन पाश्चर यांच्याच संस्थेतून हिंदुस्थानात आले होते.

महाराष्ट्रात वेलीला हिवाळ्याची झोप नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करावयाची, पावसाळा सरताना फळछाटणी घ्यावयाची आणि जानेवारी ते मार्च या काळात तोडणी करावयाची, असा येथील क्रम. बर्गंडीत तोडणी साधारणतः सप्टेंबरात होते. आपल्याकडील उन्हात पिनो न्वारची लाल वाइन साधणे अवघड. मात्र आम्लता टिकून आहे तोवर घड तोडल्यास फेसाळ वाइनला ती उपयोगी पडते. नारायणगाव येथे 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन काढली. 2013 मध्ये शाँदोंची दिंडोरीत तयार झालेली फेसाळ वाइन बाजारात आली. तिच्यात शेनँ ब्लाँ व शार्दोने यांच्या जोडीला पिनो न्वार आहे. लाल वाइनमध्ये मात्र स्थानाचे नाव शिराझने राखले. ‘दिंडोरी रिझर्व्ह’ या नावाने एक तालुका बाटलीवर आला, ही गोष्ट लहान नव्हे.

मद्य ते मद्यच, हे विसरण्याचे कारण नाही. परंतु पिकवणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर लागवड वाढली. 2008 नंतरच्या मंदीत मागणी घसरली, माल पडून राहिला आणि नाशिक भागात अनेकांनी वेली उपटल्या. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो. वाइनच्या द्राक्षाला ती सोय नाही. म्हणून करार लेखी हवा, साखरेचे प्रमाण कोणी व केव्हा मोजावयाचे हे त्यात नमूद हवे. नवी वेल चांगले उत्पादन देऊ लागण्यास सुमारे 3 वर्षे लागतात. करार किती वर्षांचा आहे, हे सहीपूर्वी पाहिले पाहिजे.