कुळाचे घर काय सांगते?

मालकाच्या दप्तरात कुळाची नोंद खंड आणि वेठ एवढीच. त्याचे घर कसे होते, हे जमीन सांगते. इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यातील व्हॅरम पर्सी हे ओसाड गाव १९५० ते १९९० पर्यंत खणले गेले. कुळांची घरे कच्ची, पिढीगणिक पडणारी, असे विद्वान प्रथम म्हणाले. पुढे स्टुअर्ट रॅथमेल यांनी तोच पुरावा पुन्हा तपासला. भिंती वारंवार बदलल्या होत्या. पण छपराचा भार भिंतींवर नव्हताच, तो भक्कम लाकडी कमानींवर होता, असे त्यांनी दाखविले. म्हणजे तेथे कसबी सुताराचा हात होता! गाव ओस पडले ते घरे कोसळून नव्हे. मालकाला मेंढ्यांसाठी रान हवे होते, म्हणून १५०० च्या सुमारास शेवटची कुळे उठविली गेली. तेव्हा जुने घर उतरविताना तुळई-चौकट नीट पहा. ते आपल्या वाडवडिलांचे दप्तर आहे.