शिक्षकाचे वेतन आणि विद्यार्थ्याचे वाचन

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित शिक्षण परिसंवादात केलेल्या भाषणाचा मजकूर)





प्रारंभीच स्पष्ट करतो की मी शिक्षणतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि वडिलांच्या कापडाच्या गादीवर बसलो, त्यास आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. तरीही अध्यक्ष महोदयांनी हा विषय माझ्याकडे सोपविला. त्याचे कारण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. महोत्सवी निधीचा विनियोग कसा करावा यावर मागील सभेत आवाज थोडे चढले होते. एका पक्षाचे म्हणणे असे की, विनाअनुदानित तुकड्यांवरील शिक्षकांचे वेतन आधी वाढवा, गुणवत्ता आपोआप येईल. दुसरा पक्ष म्हणतो, आधी गुणवत्ता दाखवा, मग वेतनाचे पाहू. मी त्या दिवशी गप्प बसलो होतो. आज बोलणार आहे.

हा वाद आपल्या सभागृहातच जन्मला असे मात्र नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षकांचे वेतन क्वचितच दहा रुपयांच्या वर जाते याकडे लक्ष वेधले होते. प्रशिक्षित शिक्षक नेमावेत, त्यांना दरमहा किमान बारा रुपये आणि मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये द्यावेत, अशी त्यांची मागणी होती. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्या मुलांमागे दोन ते चार आणे भत्ता शिक्षकास वेतनाव्यतिरिक्त द्यावा, असेही त्यांनी सुचविले. मात्र केवळ निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत गरीब, अशिक्षित समाजाच्या उपयोगाची नाही, हेही त्यांनी बजावले. आधी पोटापुरते निश्चित वेतन आणि त्यावर कामाचे कौतुक, हा क्रम त्यांनी सांगितला. तो क्रम पुढे अनेकांच्या विस्मरणात गेला.

आता आपल्या राज्यातील स्थिती पाहू. सातव्या वेतन आयोगानुसार अनुदानित प्राथमिक शाळेतील प्रशिक्षित शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता व घरभाडे मिळते. हे वेतन समाधानकारक आहे आणि ते तसे असलेच पाहिजे. पण त्याच गावात, त्याच इयत्तेला, तेच पुस्तक शिकविणारा दुसरा शिक्षक असतो. २००० साली शिक्षण सेवक योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षण सेवकास दरमहा ३,००० रुपये मानधन होते. ते पुढे ६,००० झाले आणि २०२३ मध्ये १६,००० रुपये झाले. तीन वर्षांच्या सेवेनंतर त्यास नियमित वेतनश्रेणी तरी मिळते. विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाचे काय? २००९ साली ‘कायम विनाअनुदानित’ या शब्दांतील ‘कायम’ हा शब्द वगळला गेला, मग वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान सुरू झाले. अनुदान येईल या आशेवर कित्येकांची उमेदीची वर्षे निघून गेली. काहींनी शाळा सुटल्यावर शेतमजुरी केली, काहींनी दुकानांतून हिशेब लिहिले. माझ्याही पेढीवर असा एक पदवीधर शिक्षक सायंकाळी खतावणी लिहीत असे. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते.

म्हणजे पहिल्या पक्षाचे म्हणणे खरे. परंतु दुसऱ्या पक्षाचेही मला ऐकवावयाचे आहे.

आमच्या दुकानातील एका कामगाराचा मुलगा उन्हाळी सुट्टीत वडिलांबरोबर येई. पाचवी उत्तीर्ण झालेला, चुणचुणीत मुलगा. गल्ल्यामागे पाटी आहे, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. मी सहज म्हटले, ‘बाळ, ही वाच पाहू.’ त्याने एकेक अक्षर बरोबर सांगितले, पण शब्द जुळेना. ‘विकलेला’पाशीच तो अडला आणि वडिलांकडे पाहू लागला. प्रगतिपुस्तकात मात्र चांगली श्रेणी होती आणि त्याच्या वर्गशिक्षकांचे वेतनही व्यवस्थित होते. शाळेचे नाव मी सांगणार नाही, कारण तो दोष एका शाळेचा नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी होते. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतील निम्म्याहून किंचित कमी मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता येतो. बाकीची मुले वर्गात बसतात, डबा खातात, पुढच्या इयत्तेत जातात. त्या पाटीवरची अट शिक्षणाला आपल्या मालापेक्षा अधिक लागू पडते. मुलाची गेलेली पाच वर्षे कोणी परत घेत नाही आणि बदलूनही देत नाही.

मग नुसते वेतन वाढविले तर मुले शिकतात काय? याचे उत्तर इंडोनेशियाने मोठा खर्च करून मिळविले आहे. २००५ च्या कायद्याने तेथे प्रमाणपत्र मिळविणाऱ्या शिक्षकांचे उत्पन्न जवळजवळ दुप्पट करण्यात आले. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने ३६० शाळांतून त्याचा परिणाम तपासला. शिक्षक अधिक समाधानी झाले, त्यांची आर्थिक ओढाताण कमी झाली, जोडधंदे करणारे घटले. हे सारे चांगलेच झाले. परंतु दोन-तीन वर्षांनंतरही त्यांच्या विद्यार्थ्यांच्या गुणांत फरक पडला नव्हता. आपल्या देशातही २००३ साली सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी देऊन पाहणी झाली, तेव्हा दर चार शिक्षकांपैकी एक गैरहजर आढळला. अधिक वेतन घेणारे अधिक हजर होते, असेही दिसले नाही. महाराष्ट्रात गैरहजेरीचे प्रमाण सुमारे पंधरा टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी होते, ही आपल्या अभिमानाची गोष्ट.

तर मग वेतन थेट निकालाशी जोडावे काय? व्यापाऱ्याला हा उपाय पटकन पटतो. आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी शाळांत २००५ पासून तसा प्रयोग झाला. मुलांच्या प्रगतीनुसार शिक्षकांस बोनस दिला गेला. तो सरासरीने वार्षिक वेतनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास होता. दोन वर्षांत गणित व भाषा या दोन्ही विषयांत त्या शाळांतील मुले पुढे गेली. म्हणजे थोड्या पैशांतही काम होते, पण ते पैसे कशासाठी आहेत हे शिक्षकास नेमके ठाऊक असावे लागते.

येथे माझ्या दुकानातला एक अनुभव सांगतो. एका लग्नसराईत मी विक्रेत्यांना विक्रीवर कमिशन ठेवले. पहिल्या आठवड्यात गल्ला वाढला आणि मी खूश झालो. पुढे लक्षात आले की, शालू घेणारे गिऱ्हाईक दारात दिसले की चारही जण धावत आणि ब्लाऊजपीस घ्यायला आलेली म्हातारी बाकावर बसून राही. उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालायला कोणी तयार नसे. हंगाम संपताच मी कमिशन बंद केले आणि वर्षअखेरीस सर्वांना समान वाटा देऊ लागलो. शाळेत निकालाचे कमिशन ठेवले तर तेथेही शालूवाली मुले आणि ब्लाऊजपीसवाली मुले असे दोन भाग पडतील. हुशार मुलाकडे सगळे धावतील आणि मागच्या बाकावरचे मूल बसून राहील. इंग्लंडमध्ये १८६२ पासून काही दशके निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती. शिक्षक तपासनिसाच्या परीक्षेपुरते पाठांतर करून घेऊ लागले आणि अखेर ती पद्धत सोडून द्यावी लागली.

मला अधिक आशादायक वाटला तो मुंबई व वडोदरा येथील ‘बालसखी’ उपक्रम. २००१ नंतरच्या या प्रयोगात मागे पडलेल्या मुलांना दिवसातून सुमारे दोन तास वेगळे घेऊन, वस्तीतल्याच तरुणींनी त्यांना येत असलेल्या पायरीपासून शिकविले. त्यांचे मानधन अगदी अल्प होते, तरी मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. यावरून ‘पाहा, कमी पैशांतही काम होते’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. इयत्तेचे पुस्तक पुढे रेटण्याऐवजी त्या मुलाला काय येते हे आधी पाहिले, म्हणून ते शिकले.

बंधू-भगिनींनो, आता जे सांगणार आहे ते सांगायला मला पंचवीस वर्षे लागली. मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर होतो. तेथे विनाअनुदानित तुकडीवरील शिक्षकांची सही एका आकड्यावर घेतली जाई आणि हातात दुसरा आकडा पडे. मी बी.कॉम. झालेला माणूस, व्हाउचर म्हणजे काय हे मला कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. एका पगाराच्या दिवशी एका तरुण शिक्षिकेने सही करताना पेन थांबविले आणि माझ्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. मी नजर खाली केली. पुढील वर्षी प्रकृतीचे कारण देऊन कार्यकारिणी सोडली. खरे कारण कोठेही सांगितले नाही.

आपल्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ सांगितला आहे. घेताना जास्त मापाने घ्यावे, देताना कमी मापाने द्यावे, हा तो दोष. दुकानात मी मीटरपट्टीशी कधी खोटेपणा केला नाही. गिऱ्हाईकाला बोटभर कापड अधिकच गेले असेल. पण त्या दिवशी माझ्यासमोर एका शिक्षिकेच्या श्रमाचे माप कमी भरले आणि मी साक्षीला उभा होतो. पाचवीतल्या मुलाला वाचता येत नसताना त्याच्या प्रगतिपुस्तकात चांगली श्रेणी लिहिणे, हेही खोटे मापच आहे. दोन्ही पक्षांना माझी विनंती आहे की, एकाचे माप पुरे भरल्याशिवाय दुसऱ्याचे मागू नका, आणि एकाचे भरल्यावर दुसऱ्याचे विसरू नका.

आपल्यातीलच कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. त्या त्यागाची बरोबरी आपल्याकडून होणार नाही. पण तीन लहान गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, आपल्या विनाअनुदानित तुकड्यांवरील एकाही शिक्षकास शासनाच्या शिक्षण सेवकाहून कमी मानधन असू नये आणि ते पूर्णपणे बँक खात्यात जमा व्हावे. दुसरी, तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाचे वाचन व साधे गणित वर्षातून तीनदा, समाजातील निवृत्त मंडळींनी समोर बसून तपासावे. जे मूल मागे असेल त्यासाठी रोज एक तास राखून ठेवावा. प्रगती दिसली तर वर्षअखेरीस पूर्ण शाळेचा गौरव समान वाट्याने व्हावा, एकट्या-दुकट्या शिक्षकाचा नव्हे. तिसरी गोष्ट आपल्याला थोडी बोचेल. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देण्यास मनाई केली आहे. शासनाने ती पाळावी असे आपण म्हणतो. मग या महोत्सवाच्या निमंत्रणपत्रिका घरोघर कोणी वाटल्या? कालच्या पंगतीत वाढायला कोण उभे होते? ते शिक्षक या क्षणी मागच्या रांगेत बसले आहेत.

शेवटी माझ्यापुरते. शाळेच्या प्रवेशद्वारावर कै. वडिलांच्या नावाने कमान उभारण्यासाठी मी एक रक्कम जाहीर केली होती. विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे की, ती पूर्ण रक्कम वेतननिधीकडे वळती करावी. नावाची पाटी नको. वडील चौथीपर्यंत शिकले होते, पण शेवटच्या आजारातही रोज सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असत. त्यांना वाचायला शिकविणाऱ्या गुरुजींचे वेतन किती होते, हे आमच्या घरात कोणी कधी विचारले नाही.

बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!