सोफ्याची पारख

तांदूळ घेताना आपण चार दाणे तळहातावर घेऊन पाहतो, नारळ कानाशी धरून हलवतो, आणि साडीचा पदर उजेडात धरल्यावाचून तर दुकानदाराची सुटकाच नसते. सोफा घेताना मात्र आपण काय करतो? रंग पाहतो, दोन मिनिटे टेकतो, ‘छान मऊ आहे हो’ असे म्हणतो, आणि महिन्या-दोन महिन्यांचा पगार मोजून मोकळे होतो. तोही अलीकडे साधा तीन माणसांचा कोच नव्हे. दोन-तीन तुकडे जोडून भिंतीच्या कोपऱ्यात बसवावयाचा, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा ऐसपैस सोफा. बाजारात त्याला सेक्शनल सोफा म्हणतात. श्रोतेहो, आज त्याच्याविषयी बोलावयाचे आहे. कारण एवढी मोठी वस्तू चार वर्षांत खचली, तर तिचे पुढे काय करावे हे घरात कोणालाच सुचत नाही, आणि भंगारवालाही तिला हात लावावयास तयार नसतो.

मी अर्थशास्त्राचा शिक्षक आहे. तेव्हा आमच्या शास्त्रातली एक गोष्ट सांगू द्या. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : गाडी आतून कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा बेताचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही, सबब चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि डबड्या तेवढ्या उरतात. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, दुसऱ्या दोघांसमवेत. आता मोटारीच्या जागी सोफा ठेवून पाहा. त्याचे सारे मोल कापडाखाली शिवून बंद केलेले! प्रामाणिक सुताराने आत चांगले लाकूड घातले तरी ते दिसत नाही, आणि शेजारच्या दुकानात खोक्याच्या फळ्या घालून तसाच दिसणारा सोफा निम्म्या किमतीत उभा असतो.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे सोफा उलटा करून दाखवावयास सांगणे. यात संकोच करू नये. खालच्या बाजूला पातळ काळे कापड ठोकलेले असते. त्याचा एक कोपरा सोडवून आत पाहू द्या, असे म्हणावे. जो दुकानदार ‘त्यात काय बघायचंय साहेब’ म्हणून हसतो, त्याच्याकडे खरोखरच बघण्यासारखे काही नसते असे समजावे.

आत काय पाहावयाचे? प्रथम सांगाडा. सागवान असेल तर उत्तमच, पण त्याची किंमत आज सर्वांना झेपणारी नाही, आणि कापडाखाली झाकावयाच्या लाकडाला सागाचा हट्ट नसला तरी चालते. नीट वाळवलेले, कीड लागू नये म्हणून औषध दिलेले कोणतेही टणक लाकूड किंवा चांगल्या प्रतीचे प्लायवूड पुरते. टाळावयाचा तो भुशाचा दाबून केलेला बोर्ड. आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसतात, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते. हा बोर्ड ओल शोषून फुगतो, आणि एकदा फुगला की त्यात स्क्रू धरत नाही. म्हणूनच सोफ्याला चार-पाच इंच उंचीचे पाय असावेत. खाली केरसुणी जाते, फडके जाते, आणि सांगाडा पाण्यापासून दूर राहतो.

सांधे पाहावेत. कोपऱ्यात लाकडाचा तिकोनी ठोकळा सरस लावून स्क्रूने आवळलेला असेल तर सुताराने मन लावून काम केले आहे. नुसत्या स्टेपलच्या पिनांवर जोडलेला कोपरा मुलांच्या उड्यांपुढे फार दिवस टिकत नाही. एक सोपी परीक्षा आहे. सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचलावा. दुसरा पुढचा पायही लगेच उचलला गेला तर सांगाडा ताठ आहे. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाडा पिळतो आहे.

बैठकीखाली कोठे नागमोडी पोलादी स्प्रिंगा असतात, कोठे रबरी पट्टे. स्प्रिंगा जवळजवळ लावलेल्या असाव्यात. पट्टे असतील तर उभे-आडवे, खाटेच्या नवारीसारखे विणलेले असावेत. एकाच दिशेने ताणलेले पट्टे लवकर सैल पडतात.

आता फोम. बहुतेक सोफे मरतात ते येथे, म्हणून इथे जरा थांबतो. फोमचे दोन गुण असतात आणि ते अगदी वेगळे आहेत. एक कडकपणा, जो बसल्यावर कळतो. दुसरी घनता, जी बसून मुळीच कळत नाही. टिकाऊपणा मुख्यतः घनतेवर आहे. हलका फोमही नवा असताना चांगला कडक लागू शकतो. वर्ष-दोन वर्षांत त्याच्यातील बारीक पोकळ्यांच्या भिंती मोडतात आणि रोज बसण्याच्या जागी खळगा पडतो. रोजच्या बैठकीसाठी घनता निदान ३२ असावी, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन ३२ किलो. ४० असल्यास अधिक बरे. पाठीला कमी चालते, तेथे भार थोडा. आता ही घनता घरबसल्या मोजता येते बरे का! उशीच्या खोळीची चेन उघडून फोम बाहेर काढावा. समजा तो ६० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड आहे. ३२ घनतेचा असेल तर काटा पावणेदोन किलोच्या आसपास जाईल. जेमतेम किलोभर भरला तर तो २० च्या घरातला, आणि तो बैठकीच्या कामाचा नव्हे. फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळून वजन वाढवण्याची युक्तीही निघाली आहे. म्हणून काट्यावर विसंबून न राहता घनता बिलावर लिहून घ्यावीच.

कापडाविषयी एवढेच सांगतो की चामड्यासारखे दिसणारे स्वस्त कृत्रिम कापड आपल्या दमट हवेत घेऊ नये. त्यातील पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने सुटतो आणि काही वर्षांत त्याचे पोपडे घरभर होतात. जाड विणीचे, काढून धुता येईल असे कापड बरे.

पण सेक्शनल सोफ्याचा खरा गुण कोणता? तो तुकड्यांचा आहे हाच. आपल्या जुन्या बैठकीत गाद्या, लोड, तक्के असत. पाहुणे आले की हव्या तशा मांडल्या, रात्री त्याच गाद्यांवर झोपलो, आणि कापूस बसला की पिंजारी येऊन तो पिंजून देई. गादी जुनी होई, पण टाकून द्यावी लागत नसे. तुकड्यांच्या सोफ्यातही हे होऊ शकते. मात्र प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायांवर उभा राहणारा, तुकडे खालून आकड्याने एकमेकांत अडकणारे, आणि उशा सारख्या मापाच्या हव्यात. म्हणजे नेहमीच्या जागेची उशी कोपऱ्यातल्या उशीशी बदलता येते. कोपऱ्यात तसे कोणी बसत नाही, तेथे वर्तमानपत्रे बसतात! उशा शिवून पक्क्या केलेल्या असतील तर फोम बदलावयाचा म्हणजे सगळा सोफाच फाडावयाचा.

हिशेबच मांडून पाहू. समजा चाळीस हजारांचा सोफा चार वर्षांत गेला. वर्षाला दहा हजार पडले. दुसरा सत्तर हजारांचा घेतला, मध्ये एकदा वीस हजार खर्चून फोम-कापड बदलले आणि तो पंधरा वर्षे चालला. वर्षाला सहा हजार. आता यातला स्वस्त कोणता, ते आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. अडचण एवढीच, की पहिल्या दिवशी खिशात सत्तर हजार नसतात. त्यावरही तुकड्यांचा सोफा उपाय देतो. आज तीन जणांचा भाग घ्यावा आणि कोपऱ्याचा पुढल्या दिवाळीला. मात्र तेच माप आणि तेच कापड तेव्हा मिळेल ना, हे आधी विचारून ठेवावे.

मापाचे म्हणाल तर दुकानात जाण्याआधी खोलीत जुनी वर्तमानपत्रे सोफ्याच्या आकारात पसरावीत आणि दोन दिवस त्यांना वळसा घालून वावरावे. टीपॉय आणि सोफा यांत दीड फूट, येण्याजाण्याच्या वाटेला अडीच फूट राहते का, हे लगेच कळते. दरवाजा, जिन्याचे वळण आणि लिफ्टचे दार मोजावे. पाय पसरण्याचा लांब भाग डावीकडे हवा की उजवीकडे, हे ठरवताना सोफ्याकडे तोंड करून उभे राहून डावे-उजवे, की त्यावर बसून, तेही विचारावे. दुकानादुकानांत याचे अर्थ उलटे असतात. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना दुकानात बरोबर न्यावे. तरुणांना आवडणाऱ्या खोल, बुटक्या बैठकीतून त्यांना उठता येत नाही. जमिनीपासून सतरा-अठरा इंच उंची त्यांच्या गुडघ्यांना मानवते.

शेवटी बिल. ‘सोफा सेट, एक नग’ एवढ्यावर समाधान मानू नये. लाकूड कोणते, फोमची घनता किती, कापड कोणते, सांगाड्याची हमी किती वर्षांची आणि फोमची किती, हे सारे लिहून घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार नेता येते, ती तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत न्यावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तेथे शुल्क पडत नाही. पण ३२ म्हणून विकलेला फोम २० चा निघाला हे तेथे दाखवावयाचे, तर ‘३२’ हा आकडा आधी कागदावर असावयास हवा.