दोन दारांचं घर



घरातल्या संगणकाला इंटरनेटची वायर जोडलेली आहे आणि वायफायही चालू आहे, तर वेग दुप्पट होतो का? पुष्कळांना तसं वाटतं. सहसा तसं होत नाही. मी कवितेत रमणारा बी.ए. माणूस. पण कविता संगणकावर उतरवू लागल्यापासून हे यंत्र दोन वाटांतली एक कशी निवडतं, याचं मला कुतूहल वाटत आलं आहे.

वायरीचं एक दार, वायफायचं दुसरं. प्रत्येक दाराला स्वतःचा पत्ता असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. कुठला मजकूर कोणत्या दारानं पाठवायचा, याची एक वहीच विंडोज किंवा लिनक्स ठेवत असते. तिचं नाव राउटिंग टेबल. ज्या नोंदीत ठिकाण सर्वांत नेमकं सांगितलेलं असेल, तिचा मान पहिला. म्हणून घरातल्या प्रिंटरला धाडलेलं पान घरातल्या घरातच पोचतं. उरलेल्या साऱ्या जगासाठी एक सर्वसाधारण नोंद असते. अशा दोन निघाल्या, तर प्रत्येकीपुढचा मेट्रिक नावाचा आकडा पाहिला जातो. ज्या वाटेचा आकडा लहान, ती आधी. वायर बहुधा वेगवान, तेव्हा तिचा आकडा लहान असतो आणि वायफाय राखीव राहतं.

अडचण येते ती वाट मध्येच बदलली की. समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे. मुलगी दाखले, गुणपत्रिका अपलोड करते आहे आणि कुणीतरी वायर उपसली. नव्या कामांसाठी संगणक वायफाय धरतो, पण चालू असलेलं अपलोड सहसा तुटतं. इंटरनेटवरची पुष्कळ कामं टीसीपी नावाच्या पद्धतीनं चालतात. तिच्यात दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट क्रमांक हीच संभाषणाची ओळख. पत्ता बदलला, की पलीकडच्या यंत्राच्या लेखी बोलणारा माणूसच बदलला!

यावर उपाय निघाले आहेत. एकच संभाषण अनेक वाटांनी नेणाऱ्या मल्टिपाथ टीसीपीचा मसुदा २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी आयफोनमधल्या सिरीसाठी ती पद्धत वापरात आली. २०२१ साली क्विक ही पद्धत प्रमाणित झाली. तिच्यात संभाषणाला स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी धागा टिकू शकतो. मात्र अशा पद्धती दोन्ही टोकांना ठाऊक असाव्या लागतात. अर्ज घेणाऱ्या संकेतस्थळाला त्या ठाऊक आहेत की नाहीत, हे आपल्याला बाहेरून सहज कळत नाही.

तेव्हा आईबापांना एवढंच सांगणं, की अर्ज भरायला बसण्याआधीच वायर की वायफाय ते ठरवा. अर्जाची पोच हाती येईपर्यंत घरात कुणी त्या वायरीला किंवा वायफायच्या बटणाला हात लावू नये. लेकीच्या एका वर्षाचा प्रश्न असतो.