हाडाची डागडुजी

आपल्या भाषेत अस्सल माणसाला ‘हाडाचा’ म्हणतात. हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक. आणि जो राबराब राबतो तो ‘हाडाची काडं’ करतो. ऐकणाऱ्याला वाटावं, हाड म्हणजे वाळलेलं लाकूडच. प्रत्यक्षात ते जिवंत असतं. त्यात रक्त खेळतं, जुना भाग झिजतो, नवा घडतो. म्हणून तर मोडलेलं हाड नीट बसवलं की बहुतेक वेळा आपलं आपण सांधतं.

पण अपघातात हाडाचा तुकडाच गेला, किंवा गाठीबरोबर मोठा भाग काढावा लागला, तर ती पोकळी आपोआप भरत नाही. मग रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा तिथे बसवतात. उपाय जुना आणि भरवशाचा आहे. मात्र कमरेतून काढून काढून किती काढणार? शिवाय तिथलं दुखणं वेगळंच.

आमच्या भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. १९६९ मध्ये त्या दगडी भिंतीला तडे गेले, तेव्हा पुढे तिच्या पाठीशी आधाराच्या भिंती बांधल्या. हाडाला पट्टी, सळई, स्क्रू लावणं हेही तसंच, टेकू देणं. फरक एवढाच, की धरणाची भिंत स्वतः वाढत नाही, हाड वाढू शकतं. त्याला जागा आणि कारागीर मिळवून द्यावेत, असा विचार शास्त्रज्ञ करत आहेत.

जागा देतं हायड्रोजेल. म्हणजे पोटात भरपूर पाणी धरून ठेवणारं मऊ जाळं. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून कायटोसॅन नावाचा पदार्थ मिळतो. त्याचं एक मिश्रण थंड असताना पातळ असतं आणि शरीराच्या ३७ अंश उष्णतेला घट्ट होतं. खरवस कसा होतो? पातळ चीक वाफेवर धरतो, तसंच काहीसं. त्यामुळे मोठी चिरफाड न करता सुईनं ते पोकळीत सोडता येतं आणि वेड्यावाकड्या कोपऱ्यातही ते जाऊन बसतं.

कारागीर म्हणजे मूलपेशी. अस्थिमज्जेतल्या काही पेशी हाड घडवू शकतात, हे रशियातल्या फ्रीडेनस्टाइन यांनी गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत दाखवलं. त्या जेलमध्ये मिसळायच्या. त्यांनी हाड घडवायचं आणि जेलनं हळूहळू विरघळून जायचं, अशी कल्पना आहे.

अडचणीही आहेत. जेल मऊ असतं, शरीराचा भार पेलत नाही. म्हणून त्यात कॅल्शियम फॉस्फेटचे कण मिसळतात, पट्टी-सळईही लागतेच. मोठ्या पोकळीच्या मध्यापर्यंत रक्तवाहिन्या वेळेत पोचल्या नाहीत, तर तिथल्या पेशी मरतात. यातले बरेचसे प्रयोग अजून उंदीर-सशांवरच झालेले आहेत.

हे सारं आपल्या दारापासून दूर नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोविडमधून बऱ्या झालेल्या तिघांची नोंद प्रसिद्ध केली. तिघंही चाळिशीच्या आतले. जीव वाचवताना दिलेल्या स्टेरॉइडनंतर त्यांच्या खुब्याचं हाड रक्ताअभावी मरू लागलं होतं. हा रोग लवकर ओळखला तर औषधांनी सावरण्याची आशा असते. रुग्णाच्याच मज्जेतून काढून वाढवलेल्या हाडाच्या पेशी खुब्यात सोडण्याच्या उपचाराला २०१७ मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी मंजुरी दिली. तो मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेसचा.

पण एका मंजुरीचा अर्थ सगळ्याला मंजुरी असा नाही. ‘मूलपेशींनी काहीही बरं होतं’ अशा जाहिराती पाहून माणसं जमीन गहाण ठेवतात. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की रक्ताच्या काही विकारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचे बाकी उपयोग चाचणीच्या शिस्तीतच व्हावेत. म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. या उपचाराला मंजुरी आहे का? चाचणी असेल तर तिची सरकारी नोंद कुठे आहे? आणि चाचणी असूनही पैसे का घेता?

आमच्या डोंगरात कांडवेलीला ‘हाडसांधी’ म्हणतात. हाड सांधण्याची आस माणसाला किती जुनी आहे, ते या एका नावात कळतं. ती आस खरीच आहे. म्हणून तर तिचा बाजार मांडणाऱ्यापासून तिला जपायला हवं.