अजित वाडेकर : कर्तबगार की केवळ नशीबवान?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चौक, लखनौ येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. आम्ही पडलो केंद्र सरकारचे चाकर, आणि शिक्षण म्हणाल तर बी.ए.पर्यंतचे. वेदान्त किंवा साहित्यशास्त्र आमच्या आवाक्याबाहेरचे. परंतु ज्या चौकात आज आपण जमलो आहोत, त्या चौकानेच आम्हांस विषय दिला. गोल दरवाजातून आत शिरावे, चिकनची आणि अत्तराची दुकाने ओलांडीत पुढे जावे, आणि कोठेही गप्पांचा फड रंगलेला दिसला की क्षणभर थांबावे. राजकारण असो, मुकदमा असो वा खेळ असो, अखेर गाडी दोन शब्दांवर येऊन ठेपते : तकदीर आणि तदबीर. आपण मराठीत त्यांना दैव आणि प्रयत्न म्हणतो.

क्रिकेटची गोष्ट निघाली आणि वाडेकरांचे नाव आले, तर येथील जुनी रसिक मंडळी "किस्मत के धनी थे" एवढे बोलून नवाब पतौडींच्या गुणगानाकडे वळतात. लखनौच्या माणसाला नवाबाचे कौतुक असणे स्वाभाविकच आहे, आणि पतौडींची थोरवी कोण नाकारील? उलट आपल्या मराठी घरांतून वाडेकरांविषयी अवाक्षर खपत नाही. आम्ही स्वतः १९७१ साली जाणत्या वयाचे नव्हतो. त्या विजयाच्या कथा आम्ही वडिलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या. म्हणूनच आज अभिमान थोडा बाजूस ठेवून, कचेरीत फाईल पाहावी तशी दोन्ही बाजूंची कागदपत्रे तपासण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम नशिबाची बाजू ऐकू. ती दुबळी मुळीच नाही. १९७१ च्या जानेवारीत कर्णधार निवडताना निवड समितीत मतभेद झाला, आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी वाडेकर आले. एका मताचे अंतर! वेस्ट इंडीजच्या त्याच दौऱ्यात सुनील गावसकर नावाचा तरुण प्रथमच कसोटी खेळला आणि चार सामन्यांत त्याने ७७४ धावा केल्या. असा फलंदाज पहिल्याच मालिकेत लाभणे याला भाग्यच म्हणावे लागेल. पुढे इंग्लंडमध्ये ओल्ड ट्रॅफर्डला भारतापुढे ४२० धावांचे लक्ष्य होते आणि ६५ धावांत तीन गडी परतले होते. शेवटचा दिवस पावसाने धुऊन नेला आणि पराभवाची टांगती तलवार दूर झाली. ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत तर लकहर्स्टने सरळ मारलेला चेंडू गोलंदाज चंद्रशेखरच्या हाताला लागून यष्ट्यांवर आदळला, आणि पलीकडे पुढे सरसावलेला जेमसन धावचीत झाला. यात कोणाचे कौशल्य? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढेच.

सामन्याचा अखेरचा दिवस होता २४ ऑगस्ट १९७१, आणि त्या दिवशी गणेशचतुर्थी होती. भारतीय प्रेक्षकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण ओव्हलवर आणली होती. साक्षात गजाननच पाठीशी उभा राहिल्यावर कर्णधाराने काय केले, असा प्रश्न कोणी विचारला तर त्यावर रागावण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजू. वेस्ट इंडीजमधील पहिली कसोटी किंग्स्टनला होती आणि तिचा पहिला दिवस पावसामुळे वाया गेला. भारताची अवस्था ५ बाद ७५ अशी झाली असता दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी डाव सावरला. सरदेसाईंनी २१२ धावा केल्या आणि भारताची धावसंख्या ३८७ वर गेली. वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत आटोपला. आघाडी झाली १७० धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलो-ऑन देण्यास २०० धावांची आघाडी लागते. परंतु पहिला दिवस बुडाल्यामुळे नियमानुसार सामना चार दिवसांचा ठरत होता, आणि तेथे १५० धावा पुरेशा होत्या. वाडेकरांनी हा नियम ध्यानात ठेवला आणि सोबर्सला पुन्हा फलंदाजी करावयास सांगितले. कान्हाय आणि सोबर्स यांच्या खेळामुळे सामना अनिर्णित राहिला. पण सोबर्सच्या संघाला त्याच्याच घरी फॉलो-ऑन मिळाला, आणि मालिकेचे वारे त्या दिवशी फिरले. पाऊस दोन्ही संघांवर सारखाच पडला होता. त्या पावसाने नियम कसा बदलतो, हे ज्याच्या ध्यानी होते त्याच्या तो कामी आला.

ज्यांनी ६४२ धावांनी ही मालिका उभी केली, ते सरदेसाई तरी संघात कसे आले? त्यांचे नाव मागे पडले होते. त्यांना घ्यावे असा आग्रह वाडेकरांनी धरला. दुसऱ्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, सलीम दुर्राणींनी गोलंदाजी मागितली असे सांगतात. वाडेकरांनी चेंडू दिला. दुर्राणींनी सोबर्सला शून्यावर त्रिफळाचित केले आणि लॉईडलाही बाद केले. लॉईडचा झेल स्वतः कर्णधारानेच टिपला होता. वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीतला भारताचा हा पहिलाच विजय, आणि त्यावरच मालिकाही जिंकली गेली. कर्णधाराला चेंडू कोणीही मागतो. कोणत्या घटकेला कोणाला नाही म्हणावयाचे आणि कोणाला हो, याची पारख ज्याची त्याने करावयाची असते.

या मालिकेतील एक किस्सा तर आपल्या विषयासाठीच घडला असावा. फलंदाजीस जाण्यापूर्वी गावसकरला स्पर्श केला की आपले नशीब उघडते, अशी सोबर्सची समजूत झाली होती म्हणे. अखेरच्या कसोटीत सोबर्स भारतीय खोलीकडे येण्यापूर्वीच वाडेकरांनी गावसकरला न्हाणीघरात कोंडून ठेवले. सोबर्स त्या डावात शून्यावर बाद झाला! या किश्श्याकडे विनोद म्हणून पाहावे हे बरे. तथापि जो कर्णधार प्रतिस्पर्ध्याच्या नशिबाचाही बंदोबस्त करतो, तो स्वतःच्या नशिबावर विसंबून असेल हे आम्हांस पटत नाही.

ओव्हलची कथाही अशीच. समोरचा इंग्लंडचा संघ नुकताच ऑस्ट्रेलियाला तिच्या भूमीवर हरवून आलेला. भारत पहिल्या डावात ७१ धावांनी मागे पडला होता. तेथून चंद्रशेखरने ३८ धावांत ६ गडी टिपले आणि इंग्लंडचा डाव १०१ धावांत कोसळला. बालपणी पोलिओने उजवा हात अधू झालेला हा गोलंदाज वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर नव्हता. त्याची पुन्हा निवड झाली तेव्हा ते धाडस समजले गेले. जेमसनचे धावचीत होणे योगायोग खरा, पण सोलकर, वेंकटराघवन, अबिद अली आणि स्वतः वाडेकर ज्या ठिकाणी उभे राहून झेल घेत होते, तेथे योगायोगाने कोणी उभे राहत नाही. १७३ धावांचा पाठलाग करताना डावातील सर्वाधिक ४५ धावाही कर्णधाराच्याच होत्या. १९३२ पासून भारताचे संघ इंग्लंडमध्ये कसोटी खेळत होते. तेथे पहिला विजय मिळाला तो त्या दिवशी. १९७२-७३ मध्ये इंग्लंड भारतात आले आणि २-१ असे हरले. लागोपाठ तीन मालिका! त्या शेवटच्या मालिकेत पतौडी वाडेकरांच्या हाताखाली खेळले, हेही विसरता कामा नये.

सभ्य स्त्री-पुरुषहो, येथेच थांबलो तर आमचे भाषण एकतर्फी होईल. १९७४ साली भारत पुन्हा इंग्लंडला गेला आणि तिन्ही कसोट्या हरला. लॉर्ड्सवर दुसरा डाव अवघ्या १७ षटकांत ४२ धावांवर आटोपला. इंदूरला १९७१ च्या विजयाचे स्मारक म्हणून सिमेंटची प्रचंड बॅट उभारली होती. तिला संतप्त लोकांनी विद्रूप केले. पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरांना वगळण्यात आले आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. तेव्हा त्यांचे वय पुरते चौतीसही नव्हते.

आमचा सारा मुद्दा येथे आहे. १९७१ साली विजय मिळाला, तेव्हा अनेकांनी हिशोब मांडला तो पावसाचा, गणपतीचा आणि गावसकरचा. १९७४ साली पराभव झाला, तेव्हा मात्र पाऊस कोणालाही आठवला नाही. वास्तविक १९७१ च्या कसोट्या जुलै-ऑगस्टमध्ये झाल्या होत्या आणि १९७४ च्या जूनच्या प्रारंभी सुरू झाल्या. थंड, दमट हवेत चेंडू वळण्याऐवजी हवेतच फिरतो, आणि फिरकीवर उभा असलेला संघ तेथे लंगडा पडतो. तरीही दोष एकट्या कर्णधाराचा ठरला. यश दैवाचे आणि अपयश माणसाचे, असा हा न्याय. दैवाला वाटा द्यावयाचा असेल तर जमेच्या बाजूस द्या आणि खर्चाच्या बाजूसही द्या. वाडेकरांनी १६ कसोट्यांत नेतृत्व केले. ४ जिंकल्या, ४ हरल्या आणि ८ अनिर्णित राहिल्या. हा चमत्काराचा हिशोब नाही, तसा निव्वळ लॉटरीचाही नाही.

पुढे १९९० च्या दशकात तेच वाडेकर भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, आणि १९९३ साली अझरुद्दीनच्या संघाने इंग्लंडला ३-० असे हरविले. वीस वर्षांनी, वेगळ्या खेळाडूंसह, वेगळ्या पदावर तोच माणूस पुन्हा यशाच्या जवळ आढळतो, तेव्हा नशिबाचा युक्तिवाद लंगडा पडतो. १५ ऑगस्ट २०१८ रोजी ते निवर्तले. मितभाषी आणि मिस्कील माणूस. आपल्या कष्टांचा डांगोरा त्यांनी कधी पिटला नाही. आम्हांस वाटते, अशाच माणसांना जग चटकन नशीबवान म्हणते, कारण त्यांची मेहनत कोणाच्या दृष्टीस पडलेली नसते.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, जमघटाला, चौकातील गच्च्यांवर पतंगांच्या लढती रंगतात. वारा दोन्ही पतंगांना एकच मिळतो. ढील केव्हा द्यावी आणि खेच केव्हा मारावी, हे मात्र ज्याच्या त्याच्या हातात असते. वारा अगदीच पडला तर उस्तादाचाही पतंग खाली येतो, आणि त्यावरून त्याची उस्तादी कोणी खोटी ठरवीत नाही. चौकातील रसिकांना आमची विनंती एवढीच, की जो न्याय ते पतंगबाजाला लावतात तोच वाडेकरांनाही लावावा.

आणि आपणांसही एक विनंती आहे. आपण सारे गावापासून दूर आलेली माणसे. सुट्टीत घरी गेलो की नातलग म्हणतात, "तुम्ही नशीबवान, बाहेर पडलात." परक्या भाषेत मुलांच्या शाळा शोधणे, बदलीच्या हुकुमासरशी मांडलेला संसार उचलणे, आईवडिलांच्या आजारपणात वेळेवर न पोहोचणे, या गोष्टी त्यांच्या हिशोबात नसतात. हा शब्द ऐकताना मनाला काय वाटते ते आपणांस ठाऊक आहे. तेव्हा शेजारच्या मुलाची निवड झाली, सहकाऱ्यास बढती मिळाली, तर तोच शब्द आपल्या ओठांवर येऊ नये. आणि आपलेच मूल परीक्षेत मागे पडले, तर सारा दोष त्याच्या माथी मारण्यापूर्वी त्या दिवशी वारा कसा होता, हेही एकदा विचारावे.

मंडळाने पन्नास वर्षे पुरी केली. त्यात दैवाचा वाटा असेलच. परंतु दरवर्षी वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरणारे, सतरंज्या घालणारे आणि कार्यक्रम संपल्यावर त्या उचलणारे कार्यकर्ते येथे बसले आहेत. त्यांना केवळ नशीबवान म्हणण्याचे धाडस आम्ही तरी करणार नाही.